पाचव्या फाटीचा दिवा

शेठच्या घरातून बाहेर पडताना पाय झटकावे लागत. उंबऱ्याच्या आत एक जाड गोणपाट अंथरलेलं असे. त्यावर उभं राहून आधी उजवा तळवा आपटायचा, मग डावा, मग बाह्या झटकायच्या आणि मगच चपला घालायच्या. सरपंच असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा, सूट कुणालाच नव्हती. गोणपाटावर पडलेला कचरा शेठ स्वतः मऊ झाडूनं गोळा करत आणि पत्र्याच्या डब्यात टाकत.

ही सवय कोइमतूरची. विट्याच्या बाजूची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. शेठही मिसरूड फुटायच्या आत तिकडे गेले आणि साठीला दुकान पुतण्याच्या हवाली करून गावी परतले. गलाईच्या दुकानातली जमिनीवरची धूळ कधी बाहेर टाकत नाहीत, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. ती साठवून, जाळून, धुऊन त्यातून पुन्हा सोनं काढतात. गावातल्या घरात आता सोनं नव्हतं. वायरींचे तुकडे होते आणि सोल्डरिंगमधून उडालेले शिशाचे मणी होते. मी एकदा विचारलं, "शेठ, या कचऱ्यात आता काय निघणार?"

"काय निघंल ते गाळल्याबिगर कसं कळंल, सर?" ते म्हणाले आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी झटकून बाहेर पडलो.

निवृत्तीनंतर गावातली माणसं देवळाच्या पारावर बसतात, नाहीतर भावकीचं भांडण उकरून काढतात. शेठनी इलेक्ट्रॉनिक्स धरलं. गुरू म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ, आणि तेही तमिळमधले. हिंदी व्हिडिओ त्यांना सहन होत नसत. "निस्तं 'दोस्तों, दोस्तों' करत्यात. तमिळवाला पैल्यांदा वायर हातात घेतो." त्यामुळे त्यांच्या सोप्यातून दिवसभर तमिळ ऐकू येई आणि मध्येच "आरं लागला की!" अशी आरोळी.

तळहातापेक्षाही लहान अशा निळ्या बोर्डावर बसवलेला मायक्रोकंट्रोलर त्यांनी मला पहिल्यांदा दाखवला तो सोन्याच्या तराजूत ठेवून. त्याला ते मुनीम म्हणत. सेन्सर बाहेरची खबर आणतो, मुनीम ऐकून घेतो आणि काय करायचं ते दिव्याला सांगतो. "मुनिमाला जेवढं सांगून ठिवलंय तेवढंच करतो. पदरचं काय घालत न्हाई," हे सांगताना ते माझ्याकडे असं बघत, जणू बाकीचे सगळे पदरचं घालतात.

त्यांनी पहिल्यांदा काय बनवलं तर तुळशीसाठी ओलावा मोजायचं यंत्र. माती कोरडी झाली की लाल दिवा लागणार. पण वहिनी, म्हणजे त्यांची बायको, रोज सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालत, त्यामुळे दिवा लागायची वेळच येईना.

"पाणी घालू नगं! दिवा लागू दे!"

"आवं, तुळस हाय ती. दिवा लागायला वाळवू व्हय तिला?"

शेवटी तुळशीची पानं गळायला लागली तेव्हा दिवा लागला. शेठ पेढे वाटत आमच्या घरी आले. वहिनींनी त्या दिवशी दुसरं रोप आणलं आणि त्याच्या जवळ वायर आणायची नाही असं बजावलं.

पुढच्या श्रावणात गणेश मंडळाची पोरं आली. मखराला नाचणारे दिवे करून द्या म्हणाली. शेठनी साफ नाही म्हटलं. "दिवा लागला म्हंजे कायतरी सांगाय पायजे. उगंच नाचणारा दिवा माज्या घरात बनणार न्हाई." पोरं रागावून गेली. शेठनी मंडळाला मग आपणहून एक यंत्र दिलं: आरतीच्या वेळी लाउडस्पीकरचा आवाज फार चढला की लाल दिवा लागणारं. मंडळानं ते मखरामागं लपवून ठेवलं. आरतीभर ते तिकडं लालच असायचं.

असा माणूस. हट्टी, तोंडाळ, स्वतःचं कौतुक स्वतःच करणारा. आणि एकदा कुणावर विश्वास टाकला की मग त्या माणसाला तपासून न बघणारा. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

मी साताऱ्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर गावी आलो. त्याआधीपासून कितीतरी वर्षं, सुट्टी काढून का होईना, आमच्या मैदानाचा झेंडापंच मीच होतो. बैलगाड्यांची शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक गाडीला पळायला आखलेली वेगळी पट्टी असते, तिला फाटी म्हणतात. शेवटच्या रेषेपाशी उंचवट्यावर झेंडापंच उभा असतो. ज्या फाटीची जोडी पहिली रेषा ओलांडेल तिच्याकडे त्यानं झेंडा टाकायचा. झेंडा पडला की निकाल लागला. आणि एकदा पडलेला झेंडा उचलायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पंचानं झेंडा उचलला तर त्या मैदानावर पुन्हा कुणी गाडी आणत नाही.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि भांडणं वाढली. कोपऱ्यातून घेतलेल्या व्हिडिओत प्रत्येकाला आपलाच बैल पुढं दिसतो. शेठनी ते पाहिलं आणि म्हणाले, "सर, आपण दिवंच लावू की."

त्यांनी प्रत्येक फाटीच्या दोन्ही कडांना रेषेवर खुंट रोवले. एका खुंटात डोळ्याला न दिसणारा उजेड सोडणारा दिवा, समोरच्या खुंटात टीव्हीच्या रिमोटचा उजेड ओळखतो तसला सेन्सर. बैलाच्या तोंडानं उजेड तोडला की त्या फाटीच्या नंबराचा मोठा हिरवा दिवा फळीवर लागणार. पहिला दिवा लागला की बाकीचे बंद. मीच पहिल्यांदा विचारलं होतं, "धुळीचं काय?"

"धूळ आली की उजेड हळूहळू मंद हुतो. बैल आला की एकदम तुटतो. मुनिमाला सांगून ठिवलंय, हळू गेला तर गप बसायचं."

मला ते पटलं. कमिटीचा अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी. माझ्या शब्दावर त्यानं यंत्र बसवू दिलं. निकाल झेंड्याचाच, दिवे फक्त बघण्यापुरते, असं ठरलं.

त्या दिवशी फायनलला नेमकं काय झालं हे गावात तीन-चार तऱ्हांनी सांगतात. त्यातली एकही खरी नाही. खरं असं.

तिसऱ्या फाटीत त्या साली गाजलेला बैल होता. चार जिल्ह्यांत त्याचं नाव. आलेली निम्मी माणसं त्यालाच बघायला आलेली. पाचव्या फाटीत कुंडलकडच्या एका शेतकऱ्याची जोडी होती, ती पहिल्यांदाच फायनलला आलेली. गाड्या सुटल्या, धुरळा उठला, आणि मी तिसऱ्या फाटीतल्या बैलाच्या तोंडावर नजर ठेवली. पंचानं रेषेवर नजर ठेवायची असते. मी बैलावर ठेवली. तो रेषेजवळ आला आणि माझा हात सुटला. झेंडा तिसऱ्या फाटीकडे पडत असतानाच मला पाचव्या फाटीतल्या पांढऱ्या बैलाचं तोंड दिसलं. ते रेषेच्या पलीकडे गेलेलं होतं. हात आधी गेला, डोळा मागून पोचला.

फळीवर पाचाचा दिवा लागला होता.

गुलाल उधळला गेला. कुंडलकडचा मालक फळीकडे हात करत ओरडत आला. वरून शूटिंग करणारा ड्रोन गाड्यांच्या मागून येत होता, त्याला सगळा धुरळाच दिसला होता. अध्यक्षानं माईक हातात धरून मला विचारलं, "सर, दिवा पाचला लागलाय. काय म्हणायचं?"

हजारो माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "धुळीनं लागला. यंत्राला बैल आणि धूळ यातला फरक कळत नाही."

पुकारणाऱ्यानं लगेच माईक घेतला. "मंडळी, शेठच्या मशिनला मोतीबिंदू झालाय! मिरजेच्या दवाखान्यात न्या, मिरजेला!" सगळं मैदान हसलं. कुणीतरी पाचव्या फाटीच्या खुंटावर लाथ मारली.

शेठ फळीपाशी उभे होते. ते चिडतील, आरडाओरडा करतील, असं मला वाटलं. ते माझ्याकडे बघत होते. मग मोठ्यानं म्हणाले, "सर म्हणत्यात म्हंजे चुकलं आसंल. आमी हुडकून काढतो." आणि वाकून खुंट उपटायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. "सर, धूळ आसती तर हळू आली आसती. एकदम कसं तुटलं?"

तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "चौथ्या फाटीतल्या बैलाच्या खुरानं ढेकूळ उडालं असेल."

त्यांचा चेहरा उजळला. "ढेकूळ! आयला, ह्ये ध्यानातच न्हाई आलं!" आणि चहा न घेताच गेले.

पुढची दोन वर्षं तो माणूस माझ्या ढेकळामागं लागला. मैदानातली माती पोत्यांनी घरी आणली. परड्यात दोन खुंट रोवले. वहिनींना एका बाजूला उभं केलं आणि त्यांनी उजेडाच्या आडवी ढेकळं फेकायची. लहान, मोठी, ओली, सुकी. दिवा लागत नव्हता. ढेकूळ इतक्या चटकन पलीकडे जाई की मुनीम त्याला बैल मानतच नसे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरंय, दोष नाही. शेठ म्हणत, "सरांनी बगितलंय. चूक परत घडवून दावल्याबिगर दुरुस्त झाली म्हणायचं न्हाई." मग ते मला विचारायला येत. ढेकूळ किती उंचीवरून आलं? डावीकडनं का उजवीकडनं? मी सांगत गेलो. एकदा गुडघ्याइतकं म्हणालो, एकदा त्याहून वर. आधी काय सांगितलं ते लक्षात ठेवायला लागे. मी सांगेन तसे ते खुंट खाली-वर करत. कुंडलकडच्या मालकाचं नाव आमच्यात कधी निघालं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या मैदानावर शेठना कुणी बोलावलंही नाही.

वहिनींनी एकदाच विचारलं. मी निघालो होतो, शेठ आत होते. "सर, तुमाला खरंच ढेकूळ दिसलं हुतं न्हवं? न्हाई, खांदा लय दुखतोय म्हणून इच्यारलं."

मी "हो" म्हणालो.

यंदा शेठची मिरजेला बायपास झाली. घरी आले तेव्हा हात थरथरत होते, सोल्डरिंग जमेना. मग वहिनी करायला लागल्या. शेवया वळणारे हात ते, त्यांचं काम शेठपेक्षा सुबक होतं, आणि त्यावरून रोज भांडण.

"आगं, गन टेकवून धर, लांबून काय ओवाळतीस?"

"तुमीच झोपा तकडं. डाक्टरनं बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

मैदानाची, म्हणजे शर्यतीची, तारीख जवळ आली तशी वहिनी माझ्या घरी आल्या. शेठ भर उन्हात मैदानावर जाऊन नवीन माती आणायची म्हणत होते. ट्रॅक्टरही सांगून ठेवला होता. "आयकत न्हाईत. ढेकळाचा उलगडा झाल्याबिगर मरणार न्हाई म्हणत्यात, आन मला वाटतं त्यापायीच जातील. तुमचं आयकतील. काय आसंल ते सांगा त्यास्नी." 'काय आसंल ते' म्हणताना त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या.

मी लगेच उठलो आणि त्यांच्याबरोबर गेलो. शेठ सोप्यात कॉटवर पडले होते. मी उभ्यानंच सांगितलं. ढेकूळ नव्हतं. धूळही नव्हती. पाचवी फाटी पहिली आली होती, मी ते पाहिलं होतं.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे.

"हिनं पाठिवलं न्हवं तुमाला?"

"आणायला त्या आल्या. पण बोलतोय ते माझं आहे. खरं आहे."

"मी उन्हात जाऊ नये म्हणून दोघांनी मिळून ठरीवलंसा." ते हसले. "सर, उभ्या जन्मात तुमचा झेंडा चुकला न्हाई. आता माज्यापायी चुकवू नगा."

मी शपथ घेतली, तरी ते हसतच राहिले. "आजारी माणसाला समदेच गोड बोलत्यात," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. यंत्राच्या जुन्या नोंदीही उरल्या नव्हत्या, माझ्या ढेकळासाठी त्यांनीच मुनिमाला पुन्हा पुन्हा नव्यानं शिकवलं होतं. पुरावा म्हणून माझा शब्द होता, आणि तो त्यांनी आधीच एकदा मानलेला होता.

घरी येताना मी ठरवलं. दया म्हणून माणूस मित्राच्या कानात खोटं सांगेल. भरल्या मैदानात स्वतःची अब्रू घालवून कुणी सांगत नाही. तिथं बोललो तरच ते मानतील.

मैदानाच्या दिवशी पहिल्या गटाच्या गाड्या सुटायच्या आधी मी अध्यक्षाकडे माईक मागितला. कशासाठी ते सांगितलं तेव्हा तो मला मांडवाच्या मागं घेऊन गेला.

"सर, झालं गेलं. कशाला उकरताय? तो पाचवाला मालक आज हितंच हाय. दंगा हुईल."

"तो आहे म्हणूनच आज."

"आवं, मैदानाचं नाव जाईल."

"माझं जाईल. तू माईक दे."

पस्तीस वर्षं पोरांना ओळीत उभं करणारा माझा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्यानं माईक दिला. सगळी शर्यत मोबाइलवर लाइव्ह दाखवतात, शेठ घरी बघत असणार हे मला ठाऊक होतं. मी कॅमेऱ्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. दोन वर्षांमागं फायनलला पाचवी फाटी पहिली आली, झेंडा मी चुकीचा टाकला, ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि शेठच्या यंत्राचा दिवा बरोबर लागला होता. एवढंच बोललो. झेंडा अध्यक्षाच्या हातात दिला.

"किती खाल्लं हुतं, सर?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मी खाल्लं नव्हतं, पण ते सांगत बसलो नाही.

कुंडलकडचा मालक समोर आला. "तो पांढरा मी त्याच म्हैन्यात इकला," तो म्हणाला. "पळत न्हाई म्हणून इकला." हातातली पाण्याची बाटली त्यानं तिथंच जमिनीवर ठेवली आणि आपल्या गाडीकडे गेला.

आता गावात म्हणतात, सरांनी दोस्तासाठी अंगावर घेतलं, मोठ्या मनाचा माणूस. मला हे चालणार नाही. म्हणून सगळं लिहून काढलं आहे. मन मोठं होतं ते शेठचं, आणि ते मी दोन वर्षं वापरलं.

मैदानावरून मी तडक त्यांच्याकडे गेलो. वहिनी दारातच होत्या. बाजूला झाल्या. शेठ कॉटवर ताठ बसले होते. मोबाइल उशीवर पालथा घातलेला.

"झेंडा पडला तवा कुठं बगत हुता?"

"तिसऱ्या फाटीतल्या बैलाच्या तोंडाकडे."

"रेषेकडं न्हाई?"

"नाही."

"पाचवा कवा दिसला?"

"हात सुटल्यावर."

"म्हंजे ढेकूळ न्हवतंच."

"नव्हतं."

त्यांनी पालथा मोबाइल बाजूला सारला. मग म्हणाले, "नालायक माणूस हायसा तुमी, सर."

"होय."

"दोन वर्सं."

"आन माजा खांदा," वहिनी दारातून म्हणाल्या.

शेठ भिंतीला धरून उठले, टेबलापाशी गेले, खुर्ची ओढून मला म्हणाले, "बसा हितं." फळकुटावर त्यांनी थरथरत्या हातांनी दोन लहान दिवे टोचले, निळ्या बोर्डाला जोडले, वायर सुटली ती वहिनींनी येऊन बसवून दिली. मोबाइल सरळ करून त्यांनी काहीतरी बदललं.

"दोन्ही लागतील. आदी कंचा लागला ते सांगायचं."

त्यांनी बटण दाबलं.

"डावा," मी म्हणालो.

"चूक. परत."

"उजवा."

"बरोबर. दोन्हीतला येळ आता कमी करतो."

या वेळी दोन्ही दिवे मला एकदमच लागल्यासारखे दिसले. जिभेवर 'डावा' आला होता. शेठ वाट बघत होते, बोट बटणावरच.

"नाही कळलं," मी म्हणालो.

"मग तसं म्हणायचं," शेठ म्हणाले, आणि पुन्हा बटण दाबलं.